मागं चार बोटं, पुढं दोन

आमच्या दाजींची नजर गेली, असं नांदेडपासून लातूरपर्यंतच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांत बोललं जातं. ती गेलेली नाही. ती मी घालवली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आणि बायकोला न सांगता एखादी गोष्ट वर्षभर पोटात ठेवणं आमच्या घरात किती अवघड आहे, हे आमच्या घरात राहिल्याशिवाय कळणार नाही.

नजर म्हणजे चष्म्याच्या नंबराबद्दल मी बोलत नाही. अमेरिकेत पन्नास-साठ वर्षांपूर्वी ज्या दांडग्या, लांब नाकाच्या, रुंद पुठ्ठ्यांच्या मोटारी निघाल्या, ज्यांना जाणकार लोक मसल कार म्हणतात, त्या मोटारींनी जमिनीवर उभं कसं राहावं हे साऱ्या मराठवाड्यात एकट्या आमच्या दाजींना कळतं. खुद्द अमेरिकेत ते कितीजणांना कळतं, याबद्दल दाजींना शंका आहे. त्यांनी स्वतः तशी एकही मोटार उघड्यावर पाहिलेली नाही, ही बाब त्यांच्या दृष्टीनं गौण आहे. एकदा हैदराबादला कुणाच्या तरी बंगल्यात अशी एक गाडी असल्याचं कळलं, तेव्हा दाजी रजा टाकून गेले. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. फाटकाच्या गजांतून ताडपत्रीखाली झाकलेली गाडी दिसत होती. दाजी फाटकाबाहेर उकिडवे बसले, ताडपत्रीच्या सुरकुत्या अर्धा तास न्याहाळल्या आणि परत येऊन सांगितलं, ‘गाडी अस्सल हाय. पण मालकाला कदर न्हाई. मागून दोन बोटं खाली बसवून ठेवलीया.’

दाजी म्हणजे माझे साडू, बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. ते मला साडूभाऊ म्हणतात. लातूरच्या बाजूला एका आयटीआयमध्ये ते पत्राकाम शिकवतात. पण ही विद्या त्यांना ना आयटीआयनं दिली ना परदेशी मासिकांनी. मासिकं फार नंतर आली, तीही नांदेडच्या एका रद्दीवाल्याकडून, वजनावर. विद्या आली ती वडिलांकडून. वडील देवणीकडच्या एका गावात मोठ्या शेतकऱ्याकडं सालगडी होते. बाजारात बैल घ्यायचा असला की वाटेनं मालक पुढं आणि हे मागं; पण बैलासमोर पोचलं की हे पुढं आणि मालक मागं. म्हातारा दहा-बारा पावलांवर उकिडवा बसायचा, गुडघ्याच्या उंचीवरून बैल बघायचा आणि एकच शब्द बोलायचा: ‘घ्या’ नाहीतर ‘चला’. एकदा नजरेनं निकाल दिला की मग बैलाला हात लावायचा नाही, दात बघायचे नाहीत, बोटांनी माप घ्यायचं नाही. नजरेनं सांगितल्यावर हातानं खात्री करून घेणं म्हणजे नजरेची बेअदबी. त्या घरात बैल कधीच स्वतःचा नव्हता, नजर तेवढी स्वतःची होती. बापाची ही एवढीच इस्टेट मुलाकडं आली, आणि मुलगा शिकून सरकारी नोकरीला लागल्यामुळं ती बैलांवरून मोटारींवर गेली.

‘साडूभाऊ,’ दाजी मला समजावायचे, ‘वळू ढुशी द्यायच्या आधी कसा उभा राहतो बघितलंत का कधी? मान खाली, पुठ्ठे वर, मागचे पाय रोवल्याले. अजून पळून न्हाई राहिला, पण पळणार हाय हे समोरच्याला कळून राहिलंय. अमेरिकेवाल्यानं तेच केलं. नाक लांब अन् खाली. डिकी आखूड. मागची चाकं पुढच्यापेक्षा जाड, अन् त्या चाकावर पत्र्याला असा फुगवटा, मांडीवानी. दिवे आत ओढल्याले, कपाळाला आठ्या घातल्यागत. इंजिन बंद असू द्या, गाडी रागात दिसाया पायजे.’

यावर मी ‘हं’ म्हणायचो. मी एकूणच ‘हं’ म्हणणारा माणूस आहे. नांदेडच्या एका कॉलेजच्या कार्यालयात तीस वर्षं काढली ती मुख्यतः या एका अक्षरावर.

दाजींचा उकिडवं बसण्याचा शिरस्ता वडिलांसारखाच होता, फक्त त्याला स्थळकाळाचं बंधन नव्हतं. अहमदपूरच्या एसटी स्टँडवर एकदा बस फलाटाला लागत असताना ते अचानक गर्दीतून बाजूला होऊन खाली बसले. एका म्हातारीला वाटलं पोटात कळ आली; तिनं पाण्याची बाटली पुढं केली. दुसऱ्याला वाटलं पाकीट पडलं. तोही शेजारी बसून शोधू लागला. बघता बघता सहा-सात माणसं उकिडवी बसून जमीन चाचपत होती आणि दाजी त्यांच्या मधोमध बसून एसटीकडं बघत म्हणत होते, ‘पुढून लई चढलीया. बिचारीला ठसका लागल्यागत दिसून राहिलंय.’ लातुरात हल्ली ज्याच्या त्याच्या दारात पांढरी, उंच, छाताड काढलेली गाडी असते. पुढच्या काचेवर ‘दादा’ लिहिलेलं असतं, मागच्या काचेवर दादांच्या मुलाचं नाव. अशा गाडीतून उतरणाऱ्या माणसाला लोक वाकून नमस्कार करायचे तेव्हा दाजीही वाकायचे, पण चाकाकडं बघायला. ‘ही मोटार न्हाई,’ ते त्या दादांच्या देखत म्हणायचे, ‘चाकावरची पाण्याची टाकी हाय. हिला राग बी येत न्हाई अन् लाज बी.’ दादांना आपल्या गाडीची स्तुती चाललीय असं वाटून ते दाजींच्या खांद्यावर हात ठेवायचे. पुढाऱ्यांनाही दाजी याच मापानं मोजत. माणूस मागून जड झाला की निवडणुकीत पडतो, असा त्यांचा सिद्धांत होता. तो दोनदा खरा ठरला आणि चारदा खोटा. खोटा ठरला तेव्हा मतमोजणीत घोटाळा होता.

घरातही हेच. बैठकीतल्या सोफ्याच्या मागच्या पायांखाली त्यांनी विटा लावल्या होत्या. सोफा ऐटदार दिसायचा, यात वाद नाही, पण बसलेला पाहुणा दहा मिनिटांत घसरत घसरत काठावर यायचा आणि मग आपण निघायलाच उठलोय असं त्याला स्वतःलाच वाटायचं. ‘असू दे की,’ अक्का, म्हणजे माझी मेहुणी, म्हणायची, ‘आमच्याकडं मुक्कामाला कुणी राहत न्हाई आता.’ आयटीआयमध्ये त्यांच्या फळ्यावर कायम एक वळू काढलेला असायचा. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ‘हा बैल अभ्यासक्रमात कुठं बसतो?’ दाजी म्हणाले, ‘साहेब, अभ्यासक्रमच बैलात बसतो.’ शेऱ्यात काय आलं ते दाजींनी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर वळूच्या शेजारी गाय आली.

आणि माणसं. कुणाचंही स्थळ आलं की नातेवाईक दाजींना न्यायचे. जयभीम झाला, पाणी झालं, पोहे झाले की सगळे दाजींच्या तोंडाकडं बघायचे. मला बघायला आले तेव्हा तेही होते. नुकतेच जावई झालेले, पण शब्दाला वजन. परत जाताना सासऱ्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘पोरगं नेक हाय. नोकरीचं हाय. द्यायला हरकत न्हाई. पण उभं राहतंय ते मागून बसल्यागत.’ हे मला लग्नानंतर आठ दिवसांनी बायकोनं हसत हसत सांगितलं. मीही हसलो. सत्तावीस वर्षं झाली. तेव्हापासून कुठल्याही फोटोत मी कुणाच्या तरी मागं उभा असतो.

दाजींनी एका सरकारी कचेरीच्या लिलावात एक जुनी देशी मोटार घेतली. लांब नाक, चौकोनी अंग, एके काळी साहेब लोकांना मिरवणारी. घेतली तेव्हा तिच्या आत मांजरीची पिलं होती आणि बाहेर शेवाळ. पुढची अकरा वर्षं दाजींनी तिला हातानं पत्रा ठोकून ठोकून घडवलं. नाकाचा पत्रा खाली वळवला, दिवे आत ओढले, मागच्या चाकांवर तो मांडीसारखा फुगवटा आणला, जाड टायर मिळवले, काळा रंग दिला. अक्कानं त्या अकरा वर्षांत दोनदा माहेरी जायची धमकी दिली, आणि दोन्ही वेळा दाजी म्हणाले, ‘थांब, गाडी झाली की तिच्यातच सोडतो.’ शेवटचं काम होतं पाट्यांचं. गाडीचं मागचं अंग ज्या लोखंडी पाट्यांवर तोललेलं असतं त्यांना नवी कमान देणारा कसबी माणूस नांदेडला होता. त्याला दाजींनी हाताचा पंजा आडवा धरून सांगितलं होतं, ‘चाक अन् मडगार्ड यांच्यामधी मागं चार बोटं, पुढं दोन. एक केस इकडं तिकडं न्हाई.’ लातूरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं, पुण्याकडून परीक्षक येणार होते. आदल्या दिवशी संध्याकाळी त्या कारागिराच्या दारात दाजी बारा पावलांवर उकिडवे बसले, बघितलं, आणि बापासारखा एकच शब्द बोलले, ‘चला.’ पण त्यांचे डोळे भरले होते. बापाच्या तोंडी ‘चला’ म्हणजे नकार असायचा. दाजींच्या तोंडी त्या दिवशी त्याचा अर्थ, आता चला लातूरला.

मुक्काम माझ्याकडं होता. आमची गल्ली इतकी चिंचोळी की गाडी भिंतीला खेटून लावावी लागली; बाजूनं बघायला जागाच नव्हती. आता माझ्याबद्दल. माझी मुलगी लातूरला दिलेली आहे, तिच्याकडं न्हाणीघराचं काम चाललं होतं, आणि आमच्या घराच्या कामातून उरलेल्या फरशीच्या सहा पेट्या तिला पोचवायच्या होत्या. दाजी डिकीत पाण्याची बाटलीसुद्धा ठेवू देत नाहीत, हे मला माहीत होतं. सकाळी ते आंघोळीला गेले तेव्हा मी खिळ्यावरची किल्ली काढली, सहाही पेट्या डिकीत रचल्या आणि वर चादर पसरली. वाटेत मुलीकडं चहाला थांबू, तिथं गुपचूप उतरवू, गाडी पुन्हा वर येईल. आळस आणि कंजूषपणा, एवढंच त्यात होतं असं मी स्वतःला बरेच महिने सांगितलं. आता खरं सांगतो. शेवटची पेटी ठेवताना मागची बाजू हळूच खाली गेली आणि मला बरं वाटलं. फार नाही. सत्तावीस वर्षांनी एक श्वास पुरता सोडल्याइतकं.

लोहा गेलं, अहमदपूर गेलं. दाजी म्हणाले, ‘आज गाडी जरा गंभीर चालून राहिली, न्हाई का साडूभाऊ?’

‘हं.’

‘नवे पाटे हायत. नव्या नवरीवानी जपून पाय टाकायलीया.’

मी बाहेर बघितलं. अहमदपूरला दाजी चहाला थांबू म्हणाले होते, तर ते उतरून गाडी बघतील म्हणून मीच उशीर होईल म्हणालो होतो. मुलीच्या घराचा फाटा जवळ आला तेवढ्यात प्रदर्शनवाल्यांचा फोन आला, दहाला फाटक बंद होणार, थेट मैदानावर या. थेट मैदानावर गेलो. दाजींनी खुणा आखलेल्या जागी गाडी लावली, उतरले, हात पुसले, आणि मोजून बारा पावलं चालून गेले. मी गाडीच्या दाराशी उभा होतो. दाजी उकिडवे बसले.

मी त्यांचं तोंड पाहिलं. असं तोंड मी माणूस गेल्याचा निरोप आलेल्या घरात पाहिलेलं आहे. गाडी मागून चक्क बसली होती, आजारी म्हशीसारखी. दुसरा कुणी असता तर धावत आला असता, चाकाशी हात घातला असता, डिकी उघडली असती. दाजी आले नाहीत. नजरेनं निकाल दिला होता. मग हात लावायचा नसतो. ते तिथूनच उठले, टेबलाजवळ गेले, आणि यादीतून आपलं नाव काढून घेतलं. परीक्षक अजून शेजारच्या गाडीपाशी होते, त्यांनी विचारलं, ‘का हो?’ दाजी म्हणाले, ‘उभी राहिली न्हाई साहेब.’ परीक्षकांनी लांबून एक नजर टाकून मान डोलावली, जाणकार माणसं डोलावतात तशी. किल्ली माझ्या हातात देऊन दाजी म्हणाले, ‘कडंला लावा तेवढी,’ आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला एका लिंबाखाली गाडीकडं पाठ करून बसले.

त्या वेळी मैदान ओलांडून जाऊन मी एक वाक्य बोललो असतो तर ही गोष्ट तिथंच संपली असती. दाजींनी चारचौघांत मला शिव्या घातल्या असत्या, दुपारी जेवताना अक्कानं मिटवलं असतं. मी ते केलं नाही. मी जे केलं ते मला तेव्हा चांगुलपणाचं वाटलं होतं. गाडी कडेला घेतली, एक ऑटो बोलावला, सहाही पेट्या त्यात घालून मुलीकडं पाठवल्या, चादर घडी करून पिशवीत टाकली. गाडी वर आली. मागं चार बोटं, पुढं दोन. मला वाटलं, आता दाजी येतील, बघतील आणि खूश होतील. इतक्या साध्या हिशोबाचा माणूस कॉलेजच्या कार्यालयात तीस वर्षं कसा टिकला, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटतं.

पहिलं बक्षीस एका पुढाऱ्याच्या भाच्याच्या जीपला मिळालं. तिच्या टपावर दिव्यांची रांग होती आणि पुढं खऱ्या बैलाची शिंगं बांधलेली होती. टाळ्या संपल्यावर दाजी आले. गाडीपासून बारा पावलांवर थबकले. खाली बसले. बराच वेळ उठले नाहीत. मग मला म्हणाले, ‘साडूभाऊ, तुम्हाला कशी दिसून राहिली?’

या माणसानं उभ्या जन्मात कुणाला असं विचारलेलं नव्हतं. मी म्हणालो, ‘बरी दिसते.’

‘सकाळी?’

‘सकाळीही अशीच होती,’ मी म्हणालो.

हे मी का म्हणालो ते मला माहीत आहे, पण ते लिहिताना हात जड होतो. पेट्या ठेवल्या तो एक गुन्हा. हे वाक्य दुसरा, आणि तो मोठा. कारण त्या क्षणापर्यंत दाजींना वाटत होतं की पाटे फसले. ते वाक्य ऐकल्यावर त्यांना कळलं की पाटे ठीक आहेत, नजर फसली.

घरी गेल्यावर त्यांनी गाडी झाकून ठेवली. डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टरांनी सगळी अक्षरं वाचून घेतली आणि या वयात असे डोळे भाग्यवंताला मिळतात म्हणाले. दाजींचा विश्वास बसला नाही. त्यांनी हट्टानं साध्या काचांचा चष्मा करून घेतला आणि तो लावून ते आता भाजी निवडतात. सोफ्याखालच्या विटा काढल्या. पाहुणे घसरत नाहीत, दुपारी आलेले संध्याकाळपर्यंत बसतात, आणि अक्का मला फोनवर सांगते, ‘लई शहाण्यावानी वागून राहिलेत हो. मला भ्या वाटतंय.’ एसटी येते, दाजी रांगेत उभे असतात, सरळ चढतात. आयटीआयतली पोरं पत्रा वाकवून दाखवायला आणतात तर म्हणतात, ‘तुम्हीच बघा. तुम्हाला बरं वाटतंय ना?’ फळा पुसलेला असतो. नात्यात परवा एक स्थळ आलं, सगळे सवयीनं दाजींकडं बघायला लागले, तर दाजी माझ्याकडं बघायला लागले. माझा सल्ला घेतला जाऊ लागला आहे. बायकोला वाटतं मला उशिरा का होईना मान मिळतोय.

गेल्या महिन्यात मी लातूरला त्यांच्याकडं बसलो असताना देवणीकडचा एक तरुण शेतकरी आला. ज्यांच्याकडं दाजींचे वडील सालानं होते, त्यांचा हा नातू. खुर्चीवर बसला, चहा घेतला, म्हणाला, ‘काका, वळू घ्यायचाय. आज्जा जाताना सांगून गेला, पैसा आपला असंल, नजर त्या घरची पायजे. तुम्ही यायलाच पायजे.’

दाजींच्या वडिलांनी हे ऐकलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं, ते माझ्याही लक्षात आलं. दाजींनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, जातील. अक्का दारात येऊन उभी राहिली होती, तिलाही तसंच वाटलं असावं.

‘दुसऱ्या कुणाला न्या बाबा,’ दाजी म्हणाले. ‘बापानं दिलेलं माझ्यापाशी येऊन सरलं. मी उभ्या गाडीला बसली म्हणलो. तुमचा वळू कसा सांगू?’

तो पोरगा गेल्यावर दाजींनी मला सांगितलं की नव्या तुकडीला पत्रा कापायच्या सरावासाठी ती गाडी देऊन टाकायचं ठरलंय. ‘पत्रा चांगला हाय. पोरांच्या कामी यील,’ ते म्हणाले, आणि माझ्याकडं बघून विचारलं, ‘बरोबर करून राहिलो ना, साडूभाऊ?’

मी ‘हं’ म्हणालो.

नवी तुकडी पावसाळ्याच्या सुरुवातीला येते. त्याआधी जायला हवं, आणि ते हा मजकूर हातात देऊन भागणार नाही; त्यांच्यासमोर उभं राहून तोंडानं बोलायला हवं. मी त्यांचं एवढंच देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही: त्या सकाळी गाडी खरंच बसली होती, दाजी. तुम्ही बरोबर बघितलं होतं.